नाताळात द्यायचं कसं? आधी बांधाकडची कणसं ठेवा, मग यादी करा

आमच्या आजीचं शेत नगरकडं, कोरडवाहू, बाजरी आणि मटकी सोडून फारसं काही यायचं नाही त्यात. पण कणसं खुडून झाली की बांधाच्या कडेच्या दोन ओळी तशाच उभ्या असायच्या. मी लहानपणी विचारलं होतं, आजी ह्या राहिल्या का गं, तर म्हणाली राहिल्या नाहीत, ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोघी-तिघी बाया सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचायला यायच्या, ओटीत कणसं भरायच्या आणि जायच्या, आणि आजी त्या वेळी मुद्दाम शेतात नसायची. का नसायची हे कळायला मला पुढची २० वर्षं लागली.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्यांना यात नवीन काही नाही. लेवीयच्या १९ व्या अध्यायात सांगितलंय की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापून घेऊ नका, पडलेला सरवा गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. शास्त्रातली गरीब, परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचत होती तो हाच सरवा. आणि याच्या मुळाशी काय आहे तर शास्त्राचं अगदी पहिलं वाक्य, "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही सिद्ध केली." पृथ्वी त्याने केली तर ती त्याची, आपण फक्त कसणारे, मग आपण जे देतो ते आपल्या खिशातलं नसतंच, ज्याचं आहे त्याच्या सांगण्यावरून बाजूला ठेवलेलं असतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की नाताळात कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, फोटो काढायचा का, शेजाऱ्यांशी काय बोलायचं, सगळ्याची उत्तरं त्यातूनच येतात. मी बरीच वर्षं आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळच्या मदतीचं काम बघते, चुकाही झाल्यात, तर जे कळलं ते लिहिते.

सुरुवात डिसेंबरात करू नका, फार उशीर होतो. सुरुवात करायची हंगामाच्या सणाला, म्हणजे आपल्या मंडळ्यांमधे जो हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो तेव्हा. बऱ्याच ठिकाणी तो दिवाळीच्या मागेपुढे होतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी, मेथीच्या जुड्या, अंडी, कोपऱ्यात पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि उपासना संपली की लिलाव. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, ४० रुपयांचा भोपळा ६०० ला जातो, घेणारा म्हणतो परत मंडळीला, मग तोच भोपळा पुन्हा लिलावाला येतो, पुन्हा कुणीतरी घेतं, असा तीनदा विकला जातो आणि शेवटी एखाद्या म्हातारीच्या पिशवीत जातो. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिथे वस्तूची किंमत बाजार ठरवत नाही.

पण एक काम करा, लिलाव सुरू व्हायच्या आधी पाळकसाहेबांकडून जाहीर करून घ्या की यातला अमुक हिस्सा बाहेरच्या माणसांसाठी. आधी. नंतर ठरवू म्हटलं की तो पैसा कंपाउंडच्या रंगात आणि साउंड सिस्टीममधे जातो, कुणी खात नाही तरी जातो, आमच्याकडे सलग काही वर्षं असंच झालं. आजीने पण कणसं खुडून झाल्यावर विचार केला असता तर ओळी उरल्या नसत्या. हिस्सा किती ते तुमचं तुम्ही ठरवा, दशांश धरा नाहीतर चौथा हिस्सा, पण आकडा सगळ्यांसमोर सांगा आणि लिहून लावा. घरातही तेच, नोव्हेंबरचा पगार आला की नाताळच्या कपड्यांच्या आणि केकच्या आधी देण्याचे पैसे वेगळ्या पाकिटात घालायचे, आणि पाकीट मुलांच्या हातात द्यायचं ठेवायला.

आता कुणाला द्यायचं. इथे आमची मोठी चूक झाली होती ती सांगते. एका वर्षी आम्ही १०० ब्लँकेटं घेतली, प्रत्येकात एक छोटी पुस्तिका ठेवली, बॅनर छापला, आणि टेम्पो घेऊन एका वस्तीत गेलो. रांग लावली. एक बाई पुढे आली, ब्लँकेट हातात घेतलं आणि आमच्यातल्या कुणीतरी मोबाईल वर केला, तशी तिने पदर तोंडावर ओढला आणि हळूच म्हणाली, ताई फोटो नको, लेकीच्या सासरचे बघतील. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तो पदर ओढतानाचा हात अजून दिसतो मला, बांगड्या कोपरापर्यंत चढलेल्या, हिवाळ्याने फुटलेली बोटं. आजी शेतात का नसायची ते मला त्या दिवशी कळलं. प्रभू येशूनेच सांगितलंय ना मत्तयच्या सहाव्या अध्यायात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, आणि आम्ही अख्ख्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कळवत होतो.

तेव्हापासून आमचे नियम बदलले. फोटो नाही, बॅनर नाही, रांग नाही. हिशोबासाठी पुरावा लागतो म्हणून फोटो काढतो असं कुणी म्हणालं तर सांगा की वस्तूंचा फोटो काढा, दुकानाच्या बिलाचा काढा, माणसाचा नको.

आणि पुस्तिकेचंही बोलते, कारण यावर आपल्याच लोकांमधे वाद होतो. मी विश्वासाची माणूस आहे, सुवार्ता सांगायला मला लाज वाटत नाही, आणि राज्यघटनेच्या कलम २५ ने आपला धर्म पाळायचा, सांगायचा हक्क सगळ्यांना दिलेला आहे. पण थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या हातात ब्लँकेट आणि पुस्तिका एकत्र दिली की त्याला वाटतं याची किंमत आहे, आणि बघणाऱ्याला वाटतं हे आमिष आहे, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते तसं दिसतंच. बांधावरची कणसं वेचणाऱ्या बाईला आजीने कधी विचारलं नाही तू कोणत्या देवाची. म्हणून द्यायचं तेव्हा नुसतं द्यायचं. कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर मग लपवू नका, सरळ सांगा, आम्ही येशूला मानतो, नाताळ आहे, म्हणून. एवढं वाक्य पुरतं.

त्या ब्लँकेटांनंतर आम्ही आधी विचारायला लागलो. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बहुतेक बीडकडच्या, कारखान्याजवळ नाहीतर शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालतात. नाताळ म्हणजे त्यांचा ऐन कामाचा हंगाम आणि थंडीचे दिवस. आम्हाला वाटलं होतं स्वेटर द्यावेत. दोघी जणी संध्याकाळी गेलो, चुलीपाशी बसलो, आणि बायांना विचारलं तर त्या म्हणाल्या स्वेटर लेकरांना द्या, आम्हाला न्हाणीला आडोसा नाही त्याचं बघा. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, अंधारात उरकायचं सगळं. मग आम्ही जाड ताडपत्री, सुतळी, बांबू, झाकणाच्या बादल्या आणि बॅटऱ्या घेतल्या. ब्लँकेटांपेक्षा खर्च कमी आला. हे आम्हाला स्वतःहून १० वर्षांत सुचलं नसतं.

तर विचारायला जाताना काय काय पाळायचं ते सांगते. दिवसा जाऊ नका, फडात असतात, आणि तोड थांबली तर मजुरी बुडते. संध्याकाळी भाकरी थापायच्या वेळेला जा. फक्त मुकादमाला विचारून येऊ नका, त्याला भेटा जरूर, तो वगळला गेला तर नंतर त्रास बायांना होतो, पण काय पाहिजे ते बायांना विचारा आणि त्यासाठी बायाच पाठवा. वचन देऊन टाकू नका तिथल्या तिथे, बघतो म्हणा, आणि जे बघतो म्हणालात ते आठ दिवसांत करा. जुने कपडे देणार असाल तर धुऊन, बटणं लावून, मापाप्रमाणे वेगळे करून, फाटकं झालं म्हणून काढलेलं तर अजिबात नको. शेताच्या कडेला चांगलंच पीक असायचं, किडकं वेगळं काढून नव्हतं ठेवलेलं कुणी.

आणि जमलं तर वाटपाच्या पुढे जा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी बाया आणि मुली केडगावला आणल्या, आणि नुसतं जेवायला घालून थांबल्या नाहीत, शिकवलं, हाताला काम दिलं, आणि केडगावचं मुक्ती मिशन आजही उभं आहे. आपण रमाबाई नाही, ठीक आहे, पण टोळीतल्या चार मुलांचं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामापुरतं नाव घालून देणं, त्यासाठी दोन चकरा मारणं, एवढं तर कुणालाही जमतं. आमच्या तरुण संघातल्या पोरांनी ते केलं, आणि त्या पोरांचा पुढचा नाताळ वेगळाच होता.

पैशाचे कागद हा कंटाळवाणा भाग आहे पण यात गडबड झाली की सगळ्या मंडळीचं नाव खराब होतं, म्हणून वाचा. पैसे गोळा करायचे तर मंडळीच्या नोंदणी असलेल्या ट्रस्टच्या खात्यात, सेक्रेटरीच्या गुगल पे वर नाही. प्रत्येकाला पावती, २० रुपयांची असली तरी. करात सूट पाहिजे असेल तर ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती मान्यता त्या ट्रस्टला आहे का ते आधी विचारा, आणि रोख २००० रुपयांच्या वर दिलं तर सूट मिळत नाही, शिवाय नवीन कर पद्धत घेतली असेल तर मिळतच नाही. परदेशातल्या नातेवाईकांचे पैसे हा तर नाजूक विषय. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामेभावाने दिलं तर धरतात, आणि त्यासाठी ट्रस्टकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. माझ्या खात्यात टाक मी मंडळीला देते, असं प्रेमापोटी सुद्धा करू नका. आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी जमा-खर्चाचा कागद चर्चच्या दारावर लावा, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आता शेजारपाजार. आपण बहुतेक जण अशा सोसायटीत राहतो जिथे ख्रिस्ती घरं एक-दोनच. काही लोक नको ती नजर म्हणून चांदणी पण गॅलरीच्या आतल्या बाजूला लावतात, मला हे बघून वाईट वाटतं. लावा बाहेर. दिवाळीत सगळ्यांचे आकाशकंदील लागतात तशी आपली चांदणी लागते, त्यात कुणाला काही वाटत नाही, उलट मुलं विचारायला येतात. फराळाची ताटं द्या, करंज्या, अनारसे, चकली, शंकरपाळे, आपल्या घरांमधे नाताळला हेच तर होतं पिढ्यान्‌पिढ्या. केक देणार असाल तर जैन किंवा माळकरी घरांसाठी बिनअंड्याचा वेगळा करा, वेगळ्या भांड्यात करा, आणि देताना स्वतःहून सांगा की यात अंडं नाही. ताट रिकामं परत येणार नाही, साखर तरी येईलच त्यात.

कॅरोलला सोसायटीच्या सेक्रेटरीला आठ दिवस आधी चिठ्ठी द्या, कोण किती जण, किती वाजता, आणि परीक्षा किंवा आजारी माणूस असलेली घरं वगळू हे लिहा. रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा कायदाच आहे, वर्षातल्या काही ठराविक दिवसांना सवलत असते पण ती जिल्हा प्रशासनाच्या आदेशात बघून घ्या, अंदाजाने धरू नका. आणि माझं वैयक्तिक मत म्हणजे गिटारवर इंग्लिश गाण्यांऐवजी पेटी, तबला आणि टाळ घेऊन जा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) नगरला राहून आपल्याला मराठी भजनांचा एवढा ठेवा दिलाय, ते सुरू केलं की शेजारच्या काकू दारात उभ्या राहून टाळ्या धरतात, इंग्लिश गाण्याला नुसतं हसून बघतात.

आणि एक प्रश्न हमखास येणार, तुम्ही मराठी की ख्रिश्चन? चिडू नका, बहुतेक वेळा विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं. दोन्ही, असं सांगायचं. वाटलं तर सांगा की फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते मराठी ओव्यांमधे आहे, आणि त्याचं पहिलं पुराण देवाने सृष्टी केली तिथूनच सुरू होतं. म्हणजे उत्पत्तीची कथा मराठीत ४०० वर्षांपासून गायली जातेय.

सृष्टीवरून आठवलं, हा विषय आजकाल घरात दहावीच्या मुलांमुळे येतो. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. माझा भाचा एका रविवारी उपासनेनंतर पुस्तक घेऊन बसला, अवशेषांगांचं चित्र उघडलं, माकडहाडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, मावशी, पाळकसाहेब म्हणतात देवाने सहा दिवसांत केलं, पुस्तक म्हणतं कोट्यवधी वर्षं लागली, मी पेपरात काय लिहू? अशा वेळी मुलाला गप्प करू नका, आणि पुस्तक खोटं आहे असं झटकन म्हणू पण नका, दोन्हीने मूल घाबरतं. मी सांगितलं पेपरात पुस्तकातलं लिही, नीट समजून लिही, त्यात देवाशी बेइमानी नाही. मग जे मला वाटतं ते सांगितलं. उत्पत्तीचा पहिला अध्याय मला हे सांगतो की हे सगळं कोणाचं आहे, आणि धडा सांगतो ते हळूहळू कसं घडत गेलं. विश्व एका क्षणी सुरू होऊन पसरत गेलं ही कल्पना १९२७ आणि १९३१ मधे मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, झगा घालून गणित करायचे. १७ व्या शतकात आर्चबिशप अशर यांनी पिढ्या मोजून जगाची सुरुवात इ.स.पूर्व ४००४ ला धरली, ती त्यांची मोजणी, शास्त्रात तो आकडा कुठेही लिहिलेला नाही.

आपल्या मंडळीत सहा दिवस म्हणजे २४ तासांचे सहा दिवस असं मानणारी माणसं आहेत, माझे सासरे त्यातले, आणि त्यांच्याइतका प्रामाणिक देणारा मी दुसरा बघितला नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की यावरून संडे स्कूलमधे भांडू नका, एकमेकांना अविश्वासू म्हणू नका. उलट तो रविवार मुलांना घेऊन उत्पत्ती २:१५ वाचा, देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मग विचारा, आपण राखण करतो का? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला, बिल्डरांविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यातही सगळ्या धर्मांची माणसं बरोबर घेतली, आणि २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सृष्टी देवाची आहे हे मानणारा माणूस सार्वजनिक जीवनात कसा वागतो, हे कुणी मला विचारलं तर मी त्यांचं नाव सांगते.

घरच्या घरी राखण म्हणजे काय, तर येशूजन्माच्या देखाव्याला थर्माकोलचा गोठा आणू नका, चमकीची माळ आणू नका, ती ओढ्यात जाते. डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला पसरट भांड्यात माती घालून गहू किंवा नाचणी पेरा, गोव्यात आणि वसईत गोठ्याभोवती असंच हिरवं करतात. रोज सकाळी मुलांना पाणी शिंपडायला सांगा. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरे कोंब मातीला वर ढकलतात, मातीची बारीक खपली त्यांच्या डोक्यावर असते, मुलांना जवळ बोलावून ती दाखवा. २४ ला वीतभर गालिचा तयार असतो, आणि नाताळ झाला की शेजारच्या गाईला घाला.

ऑफिसमधे सिक्रेट सांता असेल तर सगळ्यांपुढे एवढंच सुचवून बघा की ३०० रुपयांच्या मगऐवजी सगळ्यांचे पैसे एकत्र करून हाउसकीपिंगच्या मावशींना विचारून काहीतरी घेऊ. नाही पटलं तर तो मग घ्या, भांडण नको.

आणि २६ डिसेंबरला संपलं असं समजू नका. टोळीकडे जानेवारीच्या शेवटी एकदा जा, काही न घेता जा, ताडपत्री टिकली का, मुलं शाळेत जातात का, एवढं विचारायला. हंगामाचा पट्टा कधी पडणार, म्हणजे तोड कधी संपणार, ते मुकादमाला विचारून ठेवा, कारण तो पडला की ट्रॅक्टर भरून एका रात्रीत कोप्या रिकाम्या होतात आणि मुलांचे शाळेचे कागद आपल्याकडेच राहतात. ते त्यांच्या हातात आधी द्या. ताडपत्री, बादल्या वगैरे परत मागायचं नाही, पुढच्या हंगामात दुसऱ्या फडावर त्याच लागतील त्यांना.